माझा बटाटा, तिचा एर्डापफेल

नातीच्या तोंडून बटाट्याचं नाव पहिल्यांदा निघालं ते मी फोनवर ऐकलं. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

ती तेव्हा नुकती बोलायला लागली होती. सून तिला जेवायला बसवून समोर फोन उभा करायची. तिकडे व्हिएन्नात ती जेवायची आणि इकडे कोपरखैरण्यात मी बघत बसायची, असा आमचा रोजचा कार्यक्रम. त्या दिवशी ताटलीत उकडलेल्या बटाट्याच्या फोडी होत्या. मी म्हटलं, "काय खातेय गं माझी बाय? बटाटा खातेय? म्हण बघू, ब-टा-टा." पोरीने चमचा वर धरला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "एर्डापफेल."

सून हसायला लागली. "आई, ओमाने शिकवलं."

ओमा कोण ते आधी सांगते. त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक विधवा बाई राहतात. माझ्याच वयाच्या असतील. सून कामावरून येईपर्यंत पोरीला त्याच सांभाळतात. पोरगी त्यांना ओमा म्हणते. मला वाटलं, असेल काहीतरी नाव. मग मुलगा एकदा सहज बोलून गेला, "अगं आई, ओमा म्हणजे तिकडे आजी." एवढं बोलून तो दुसऱ्या विषयाकडे वळला. मी नाही वळले. म्हणजे आजीची जागा आधीच भरलेली होती, आणि मी आपली फोनमधली आजी. दिसायला दिसते, पण नाक पुसायला येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, शब्द तो शब्द, त्यात एवढं काय? पण कुठला शब्द बघा ना! पोरीने चमच्याला, बुटाला, खिडकीला काहीही म्हटलं असतं तरी मी हसले असते. बटाटा मात्र आमच्या घरचा. आमचे मालक साताऱ्याकडून आले ते पाठीवर बटाट्याची गोणी घ्यायलाच. बाजार मुंबईत होता तेव्हा तिकडे, मग तो तुर्भ्याला आला तसे आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. मी त्याच बाजारात निवडणीला जायची. हिरवा पडलेला वेगळा, कुदळ लागलेला वेगळा, बारकी गोटी वेगळी. संध्याकाळी घरी आले की लुगड्याला मातीचा वास यायचा आणि मुलगा म्हणायचा, आई आली. आज जो मुलगा व्हिएन्नात मोठ्या ऑफिसात बसतो तो त्या वासात वाढलेला आहे. आणि त्याच्या पोरीला बटाटा कुणी शिकवावा? तळमजल्यावरच्या बाईने!

त्या रात्री मी मोबाईलला विचारलं. मला मोबाईलशी बोलता येतं बरं का. शाळेत मी फार गेले नाही. वाचायला शिकले ते बाजारातल्या रद्दीवर, पुडी सोडायची आणि कागद वाचायचा. त्यामुळे विचारायची लाज मला कधी वाटली नाही. तर मोबाईल म्हणाला, एर्डापफेल म्हणजे जमिनीतलं सफरचंद. व्हिएन्नावाले तसं म्हणतात, आणि शेजारच्या जर्मनीत त्यालाच म्हणतात कार्टोफेल. भाषा एक, बटाटा एक, आणि नावं दोन. कार्टोफेल हे नाव आलं इटलीच्या एका जुन्या शब्दावरून. जमिनीखाली एक महागडं अळंबं उगवतं, पैसेवाले लोक ते किसून खातात. पहिल्यांदा बटाटा बघितला तेव्हा लोकांना वाटलं, हे तसलंच काहीतरी दिसतंय. मला हे आवडलं, खोटं कशाला सांगू. पण आवडलं म्हणून राग गेला असं नाही.

मी ठरवलं की आपण हिच्या ओमाच्या पुढे जायचं. रोज एक नाव पाठ करायचं आणि फोनवर नातीला सांगायचं. म्हणजे पोरगी म्हणेल, आजीला सगळं येतं. पोरगी वाक्यं जोडायला लागली तेव्हा एक दिवस मी ऐटीत म्हटलं, "फ्रान्समध्ये काय म्हणतात माहितेय का? पोम द तेर! तेही जमिनीतलं सफरचंदच."

"माहितेय," पोरगी म्हणाली. "ओमाने सांगितलं."

असं वर्षानुवर्षं चाललं. पोरगी मोठी होत गेली, शाळेत जायला लागली आणि माझ्यापेक्षा जास्त नावं गोळा करायला लागली. तिच्या बिल्डिंगमध्ये सगळा गावोगावचा माणूस. वरच्या मजल्यावर पोलंडची नर्स, ती म्हणते झेम्न्याक, म्हणजे भुईतला. समोरचा हंगेरीचा म्हातारा म्हणतो क्रुम्पली, त्याचा मूळ अर्थ म्हणे जमिनीतलं नासपती. इटलीवाल्यांचा पताता. शाळेत एक स्पेनची मुलगी आहे, तिचाही बटाटा पताताच, पण तिच्याकडे बताता म्हटलं की रताळं मिळतं! सुनेच्या ऑफिसातला नॉर्वेचा माणूस सांगत होता, त्यांच्याकडे एखादा कुठल्याही कामाला चालणारा माणूस असला की त्याला बटाटा म्हणतात. ते ऐकून मला मालकांची आठवण आली. आणि फ्रान्सवाले म्हणे अंगात जोर असला की 'आज माझ्यात बटाटा आहे' असं म्हणतात. त्यानंतर मी शेजारणीला रोज सकाळी तेच ऐकवायला लागले.

आमची शेजारीण मूळची इथलीच, आगरी. तिच्या सासऱ्याची भातशेती होती तिथेच आता आमची घरं उभी आहेत. ती म्हणाली, "तुज्यात बटाटा हाय का काय हाय ते म्हाईत नाय गो, पन तुज्या पोटात दुकतंय येवडं मना बरोबर दिसतंय."

मी म्हटलं, "माझ्या कशाला पोटात दुखेल?"

"मंग त्या बाईचं नाव निंगालं का तुजं त्वांड कारल्यासारकं कशाला व्हतं?"

एका नावावर मात्र मी खूश होते. ओमाची आई चेक होती, आणि चेक भाषेत बटाट्याला म्हणतात ब्राम्बोरा. तो ज्या मुलखातून त्यांच्याकडे आला त्या मुलखाचंच नाव त्याला चिकटलं. हे तर आमच्या बाजारासारखं झालं! आमच्या बाजारात बटाट्याला बटाटा कुणीच म्हणत नाही. 'इंदूर आला का?' 'आग्र्याच्या दोन गाड्या लागल्यात', 'तळेगाव संपला', असंच बोलतात. मालक घरी येऊन म्हणायचे, "आज इंदूरने पाठ मोडली," आणि नवीन सून असताना मला वाटायचं, इंदुरात ह्यांचं कुणाशी वाकडं आहे? हे सगळं मी नातीला रंगवून सांगितलं. ती खूप हसली. म्हणाली, "मी ओमाला सांगते!" आणि फोन तसाच टाकून खाली पळाली. मी अर्धा तास फोनमध्ये तिकडचं छत बघत बसले.

पण खरा घाव पुढे बसला. एक दिवस पोरगी शाळेतून शिकून आली आणि फोनवर म्हणाली, "आजी, बटाटा मराठी नाहीये. पोर्तुगालचा आहे. तिकडेसुद्धा बताताच म्हणतात. ते जहाजातून आले ना, त्यांनी तुम्हाला दिला."

एकुलता एक शब्द मी छातीशी धरून बसले होते, तोही त्यांचाच निघाला! शोध घेता घेता मग पुढचं कळलं, की तो पोर्तुगालचाही नाही. समुद्रापलीकडच्या बेटांवरच्या लोकांचा तो शब्द, आणि त्यांच्या तोंडी तो होता रताळ्याचा. येता येता रताळ्याचं नाव बटाट्यावर पडलं. तेवढाच जिवाला थंडावा. म्हटलं, चला, म्हणजे त्या पोर्तुगालच्या बायकांच्याही पोटात कुणाला तरी बघून दुखत असेल.

इतके दिवस हे सगळं फोनवरचं होतं. दर जुलैत शाळेला सुट्टी लागली की पोरगी इथे यायची आणि मी माझा सगळा वचपा काढायची. पण मागच्या जुलैत ती आलीच नाही. ओमाचं गावाबाहेर एका तळ्याकाठी छोटं घर आहे, बाग आहे, तिकडे गेली. सून म्हणाली, "आई, नाताळच्या सुट्टीत येतो ना आम्ही." आणि आल्या खऱ्या, मुलाला तेवढी रजा नव्हती. सून, पोरगी, आणि बरोबर कोण? ओमा! पोरीनेच हट्ट केला म्हणे, ओमाला आजी दाखवायची. जसं काय मी ताजमहाल.

पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना सुनेने सांगून टाकलं. "आई, येत्या जुलैचं आम्ही हिच्यावरच सोपवलंय. इथे यायचं की तळ्यावर जायचं, ते ती ठरवेल. जाण्याआधी सांगेल."

मी हसले. काय करणार? तोंडाने म्हटलं, "हो हो, लेकराच्या मनाप्रमाणे होऊ दे." आतून मला कळत होतं की एकदा जुलै गेला तो गेला, दुसऱ्यांदा गेला की मग पोरगी मोठी होणार, तिच्या मैत्रिणी होणार, आणि मी परत फोनमध्ये.

"तळ्यावर बदकं आहेत," पोरगी म्हणाली. "मी पाण्यात उडी मारते. तुझ्याकडे काय आहे?"

"आपल्या खाडीत गुलाबी फ्लेमिंगो आहेत की! हजारो."

"जुलैत असतात?"

मी चहाचा घोट घेतला. "जुलैत... नसतात."

ओमा उंच, हाडकुळ्या, केस पांढरेशुभ्र, बारीक कापलेले. सारखं हसायच्या. मला आजी म्हणायच्या, कारण पोरगी म्हणते. मी त्यांना काहीच म्हणत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर भाजी आणायला निघाल्या. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे दोघी बटाट्याच्या पाटीला लागलो. त्यांना बारके, लांबट, घट्ट हवेत. मला मोठे, पिठूळ हवेत, भाजीत फुटणारे. मी एक टाकला की त्या काढायच्या, त्यांनी टाकला की मी काढायची. बोलणं काही नाही, नुसते हात. शेवटी भाजीवाला म्हणाला, "आजी, दोगी मिळून पाटी डायरेक उलटीच करा ना. मी घरी जातो."

घरी आल्यावर ओमांनी त्यांचे बटाटे उकडले. आम्ही कसे पाण्यात गार करून सोलतो? त्या वाफाळता बटाटा काट्यावर टोचून धरतात आणि तसाच सोलतात, मग त्यावर कच्चा कांदा, मोहरीची चटणी, व्हिनेगर आणि गरम रस्सा. माझ्या ओट्यावर, माझ्या कढईत! मी शेजारी उभी राहून माझी पिवळी भाजी केली, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. दोन्ही ताटात वाढलं. पोरीने ओमाचं दोनदा घेतलं. माझी भाजी पोळीला टेकवल्यासारखी केली आणि बाजूला सारली, मिरची लागली म्हणून.

"आजी, तू पण खा ना ओमाचं."

मी खाल्लं. चांगलं होतं, हीच तर पंचाईत.

त्या रात्री पोरगी झोपायला माझ्याजवळ आली, एवढी तरी तिने मेहेरबानी केली. मी तिच्या केसांतून हात फिरवत हळूच सांगितलं, "परवा चतुर्थी आहे. मी उपास धरते. चंद्र दिसेपर्यंत. का माहितेय? तू दर जुलैत माझ्याकडे यावंस म्हणून."

"काहीच खायचं नाही?"

"उपास म्हणजे उपास," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच. म्हटलं, हे काही तुझ्या ओमाला यायचं नाही.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी साबुदाण्याची खिचडी केली, वर लिंबू, ओलं खोबरं. ओमांसमोर बशी ठेवली. त्यांनी पोटावर हात ठेवला, मान हलवली, नुसती काळी कॉफी घेतली. सून तिच्या माहेरी ठाण्याला गेली होती, पोरगी शेजारणीच्या नातवंडांबरोबर खेळायला. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींमध्ये एक शब्द नाही. मी म्हटलं, ठीक आहे, साबुदाणा चिकट लागत असेल. दुपारी उपासाची बटाट्याची भाजी केली, जिरं, तूप, दाण्याचा कूट. रताळ्याचा कीस केला. ताट पुढे सरकवलं. पुन्हा पोटावर हात, पुन्हा ते हसू.

आता मात्र माझं डोकं तापलं. परवा स्वतःचं कच्च्या कांद्याचं चाललं, आणि आज माझ्या हातचं चालत नाही? मी त्यांच्यासमोरच मांडी घालून बसले आणि सगळं खाल्लं. चवीचवीने, बोटं चाटून. त्या खुर्चीत बसून बघत होत्या. मधेच घड्याळाकडे बघायच्या, मधेच माझ्या ताटाकडे. चेहऱ्यावर असं काही, जसं एखादी गोष्ट विचारावी की नको असं होतंय. मी मुद्दाम अजून थोडा कीस घेतला.

चारच्या सुमाराला शेजारीण डोकावली. "काय गो, चतुर्थी हाय ना आज? आन ही बाय अशी कशी बसलेय? पांढरी तं ती हायेच, पन आज लईच पांढरी दिसतेय."

"नखरे आहेत," मी म्हटलं. "माझं जेवण घशाखाली उतरत नाही त्यांच्या."

"बग हा. काय झालं तं पोलीस तुज्या दारात येतील, माज्या नाय."

दिवेलागणीला पोरगी घामाघूम होऊन परत आली. थेट ओमाच्या मांडीवर जाऊन बसली. दोघींचं त्यांच्या भाषेत काहीतरी कुजबुजत बोलणं झालं. मी समोर चहा आणि बटाट्याचे वेफर्स घेऊन बसले होते. पोरगी माझ्याकडे वळली.

"आजी, ओमा विचारतेय, तुझा उपास कधी सुरू होणार?"

वेफर माझ्या हातातच राहिला. "कधी म्हणजे? सकाळपासून चालू आहे."

"पण तू तर सारखी खातेयस."

"अगं, हे उपासाचं आहे! बटाटा, रताळं, साबुदाणा, हे सगळं चालतं."

पोरीने ते ओमाला सांगितलं. ओमांनी माझ्या हातातल्या वेफरकडे बोट केलं आणि अगदी खात्री करून घ्यायची म्हणून विचारलं, "एर्डापफेल?"

"हो," पोरगी म्हणाली, "बटाटा चालतो." मग तिने मला जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. "ओमाने सकाळपासून काही खाल्लं नाहीये. मी तिला सांगितलं ना, आजी उपास करते, चंद्र दिसेपर्यंत काहीच खात नाही. तिला पण लहानपणी तसंच करायचे. तिची आई नाताळच्या आदल्या दिवशी पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणाला खायला द्यायची नाही. म्हणून ओमा म्हणाली, मी पण करते आजीबरोबर. पण मग तू खायला लागलीस. तिला वाटलं, आजी विसरली. किंवा तुला म्हातारपणामुळे जमत नसेल. म्हणून तिने तुझ्या वाटचा पण केला."

"माझ्या वाटचा? तिला माहितेय का मी कशासाठी उपास धरलाय ते?"

"हो. मीच सांगितलं. मी जुलैत इकडे यावं म्हणून."

ज्या बाईच्या तळ्यावर पोरगी जाऊ नये म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, तीच बाई माझ्यासाठी दिवसभर उपाशी बसली होती. आणि मी तिच्यासमोर बोटं चाटत होते!

मी तडक उठले आणि बशी भरून आणली. "आता खा म्हणावं. पुरे झालं." ओमांनी मान हलवली. नाही. चंद्र.

मी मोबाईल दाखवला. त्यात चंद्रोदयाची वेळ येते, ती झाली की देवाला नैवेद्य दाखवून मी मोकळी होते. वेळ झाली. "उगवला," मी म्हटलं. ओमा खिडकीशी गेल्या, वर बघितलं, आणि पोरीला काहीतरी म्हणाल्या.

"ओमा म्हणते, दिसायला पाहिजे."

मग आम्ही तिघी गच्चीवर गेलो. आमच्या पूर्वेला नवीन टॉवर झालाय, त्यामागे चंद्र अडकलेला. नुसता उजेड, चंद्र नाही. शेजारीण तिच्या गच्चीवर ताम्हण घेऊन उभी होती. तिला सगळा प्रकार सांगितला तर हसता हसता तिच्या हातातलं पाणी सांडलं. "आगो बाय! खिचडी तू खाल्लीस आन पुन्य ती घेऊन चालली की गो!"

हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. तिने बोलून दाखवलं आणि पोटात जुनी कळ उठली ती उठलीच. खरंच की! देवाने तराजू धरला तर एका पारड्यात माझा खिचडी, भाजी, कीस, वेफर्स आणि तीन चहांचा उपास, आणि दुसऱ्यात हिची काळी कॉफी. मागणं दोघींचं एकच. मग ऐकायचं झालं तर देव कुणाचं ऐकेल? म्हणजे पोरगी आली तरी ती हिच्या उपासाने येणार!

ओमा कठड्याला धरून उभ्या होत्या. मी खालून खुर्ची मागवली नाही, स्वतःच जाऊन आणली, शालही आणली. त्यांना बसवलं. टॉवरच्या पाण्याच्या टाकीवरून एकदाचा चंद्र बाहेर आला तेव्हा त्या उठल्या, छातीवर त्यांच्या पद्धतीने क्रूस काढला. मी हात जोडले. शेजारणीने अर्घ्य दिलं. पोरीने तिघींच्या तीन पद्धती बघितल्या आणि तिन्ही करून घेतल्या.

पाटावर बसवलं त्यांना. वरणभात, मोदक वाढले. दुपारची उरलेली उपासाची भाजी मी वाढणार नव्हते, पण त्यांनी स्वतःच बोट दाखवून मागितली. सगळ्यात आधी तीच खाल्ली. डोळे मिटून, हळूहळू. मग ताटाकडे बोट करून म्हणाल्या, "बटाटा." ट त्यांना येत नव्हता, जीभ अडखळत होती, पण म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळत होतं की आता मी तिचा शब्द म्हणायचा. पोरगीही वाट बघत होती. नाही म्हटला मी. म्हटलं, आज खूप दिलंय हिला. मोदक मात्र अजून दोन वाढले, वर तुपाची धार सोडून.

जायच्या आदल्या दिवशी सुनेने पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, "जुलैत आजीकडे. तळ्यावर ऑगस्टमध्ये. ओमा म्हणाली, तळं काही कुठे जात नाही."

सून म्हणाली, "आई, ओमांनी बागेचं सगळं पुढे ढकललं. त्यांनीच सुचवलं तिला."

बघा! मिळालं तेही हिच्या हातून. मी ओमांना साडी दिली, चांगली इरकली, स्वतःसाठी ठेवलेली. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या अंगाला माझ्या स्वयंपाकघराचा वास येत होता. पोरीचा हात धरून त्या आत गेल्या, आणि मी बाहेर. तेही पोटात दुखलंच.

पुढच्या महिन्याची चतुर्थी आली. मी ठरवलं, ह्या वेळी कडक. खिचडी नाही, बटाटा नाही, काळा चहा फक्त. म्हटलं, जुलैपर्यंत अजून वेळ आहे, आपलं पारडं जड करून ठेवू. दुपारपर्यंत डोकं भणभणायला लागलं. शेजारीण म्हणाली, "मरशील गो, काय स्पर्धा लावलीय?" तरी मी रेटलं. संध्याकाळी फोन वाजला. पोरगी म्हणाली, "आजी, आज ओमाने पण उपास धरलाय. तुझ्या मोबाईलमधल्या चतुर्थीची तारीख मी तिला लिहून दिली होती. ती म्हणते, आता कायमचं."

आमच्याकडे चंद्र वर आला. टाकीच्या वर, स्वच्छ. मी नैवेद्य दाखवला, ताट वाढून घेतलं, गरम भात, वरण, बटाट्याची भाजी. पहिला घास उचलला आणि डोक्यात आलं, तिकडे आत्ता कुठे दिवस मावळत असेल. व्हिएन्नात चंद्र उगवायला अजून कितीतरी अवकाश. ती बाई नुसत्या काळ्या कॉफीवर खिडकीत बसली असेल, आभाळाकडे बघत.

घास तसाच ताटात ठेवला. ही बाई मला सुखाने जेवूसुद्धा द्यायची नाही.